रागाचे म्हणणे ऐकून घेणारी शाळा

विद्यार्थ्यांच्या रागाविषयी आपल्याकडे दोन मते चालतात. पहिले जुने आहे: हल्लीच्या मुलांना धाक उरलेला नाही, आईबापांनी लाडावून ठेवले, मोबाइलने डोकी फिरवली, वेळीच दोन ठेवून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. दुसरे मत नवे आणि सुशिक्षित: राग ही भावनिक समस्या आहे, तेव्हा मुलांना दीर्घ श्वसन शिकवा, परिपाठात पाच मिनिटे ध्यान घ्या, समुपदेशकाकडे पाठवा. प्रशिक्षण वर्गात दुसरे मत बोलले जाते आणि शिक्षकखोलीत पहिले. ही मते एकमेकांविरुद्ध उभी आहेत असे वाटते खरे, पण एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. राग म्हणजे मुलाच्या आत झालेला बिघाड आणि तो घालवायचा, हे दोघेही गृहीत धरतात. एक जण दरडावून घालवतो, दुसरा गोंजारून. मूल कशाबद्दल रागावले आहे आणि त्याचे म्हणणे खरे आहे का, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात. विद्यार्थ्याच्या रागात बहुतेक वेळा एक दावा असतो: ‘माझ्याशी जे वागले गेले ते बरोबर नव्हते.’ हा दावा खरा असेल, खोटा असेल, अर्धा खरा असेल. पण दावा म्हटला की त्याची शहानिशा करावी लागते. तेव्हा शिक्षकाची कामे तीन ठरतात आणि त्यांचा क्रमही ठरतो: कोणाला इजा होऊ न देणे, दावा शब्दांत मांडायला मुलाला मदत करणे, आणि त्यावर प्रामाणिक निवाडा देणे. आपल्या बहुसंख्य शाळा पहिल्या कामापाशीच थांबतात. वर्ग शांत झाला की प्रकरण मिटले असे मानले जाते. मग तेच मूल, त्याच कारणासाठी, पंधरा दिवसांनी पुन्हा बाक आपटते आणि आपण म्हणतो, याचा स्वभावच तापट आहे.

1. राग कशावर उभा असतो

अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात रागाची जी फोड केली ती आजही कामाची आहे. त्याच्या मते राग म्हणजे नुसती उसळी नव्हे. तसा अधिकार नसताना आपल्याला कोणीतरी तुच्छ लेखले, ही समजूत आधी येते, तिचे दुःख होते आणि त्यातून परतफेडीची इच्छा जन्मते. म्हणजे रागाच्या तळाशी एक समजूत असते. याची खात्री कोणत्याही शाळेच्या मैदानावर करता येते. रांगेत मागून धक्का बसला म्हणून मुलगा मुठी वळून वळतो. पाहतो तर मागचा मुलगा स्वतःच घसरून पडलेला आहे. राग त्या क्षणी ओसरतो. धक्का तेवढाच बसला होता, पाठही तेवढीच दुखते आहे, बदलली ती फक्त समजूत. भूक अशी माहितीने जात नाही, ताप जात नाही. राग जातो, कारण तो कशावर तरी विश्वास ठेवून उभा असतो. एवढी एक गोष्ट मान्य केली की ‘राग घालवण्याचे’ सारे तंत्र अपुरे वाटू लागते. श्वास मोजून हृदयाचे ठोके कमी होतील. समजूत होती तिथेच राहील.

चिडचिड मात्र वेगळी आणि तिची सरमिसळ करू नये. रात्री उशिरा झोपलेले, सकाळी नुसत्या चहावर सातच्या शाळेत आलेले मूल तिसऱ्या तासाला कशावरूनही खेकसते. त्यात दावा नसतो, शरीराची कुरकुर असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरवले ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. वरच्या वर्गांतल्या मुलांनाही झोप लागतेच, पण त्यांच्या वाट्याला तो निर्णय आला नाही. म्हणून रागावलेल्या मुलाला शिक्षकाने आधी ‘जेवलास का? झोप झाली का?’ हे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर पोषण आहाराची वाटी पुढे करणे हाच त्या वेळचा उपाय. पण प्रत्येक राग भुकेच्या खात्यावर टाकणे ही पळवाट आहे. पोट भरलेल्या मुलांवरही अन्याय होतो.

सातवी ते दहावीच्या वर्गात राग कशाकशातून पेटतो ते शिक्षकांना तोंडपाठ असायला हवे. गुण मोठ्याने वाचून दाखवणे. दुसऱ्याने मारलेल्या शिट्टीची शिक्षा आपल्याला होणे. ‘तुझा भाऊ बघ, आणि तू?’ बापाच्या धंद्यावरून, वस्तीवरून, आडनावावरून केलेला शेरा. अंगाच्या रंगावरून किंवा जाडीवरून पडलेले नाव, जे ऐकून शिक्षकही हसले. खरे उत्तर दिले तरी ‘कोणाचे बघून लिहिलेस?’ हा प्रश्न. यातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी चारचौघांत घडतात, आणि या वयात चारचौघे म्हणजे सर्वस्व असते. ज्याला आपण अचानक आलेला संताप म्हणतो तो पुष्कळदा पाणउताऱ्याला दिलेले उशिराचे उत्तर असते. कारण सोमवारी घडते, वही बुधवारी फाटते.

‘क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश’ ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी शाळांमध्ये भिंतीवर लिहिलेली असते आणि रागावलेल्या मुलाला तिच्याकडे बोट दाखवले जाते. ती साखळी नीट वाचली तर तिची सुरुवात विषयांच्या चिंतनापासून आणि आसक्तीपासून होते; हवे ते न मिळाल्याने येणाऱ्या रागाचे ते वर्णन आहे. इतरांइतकेच आपल्यालाही माणूस म्हणून वागवावे ही अपेक्षा मोडल्याने जो राग येतो त्याला ती ओळ लावणे हा मुलावर आणि गीतेवरही अन्याय आहे.

2. दावा खरा असू शकतो

आपल्याच इतिहासात याचा एक पुरावा आहे आणि शिक्षक प्रशिक्षणात तो शिकवला जात नाही याचे मला नवल वाटते. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे सुमारे चौदा वर्षांची, मांग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी विद्यार्थिनी. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट विचारते. पेशवाईत आपल्या लोकांची काय दशा होती ते सांगते. बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय होत असेल, हे वाचणाऱ्याला विचार करायला लावते. आणि शेवटी आपल्याच माणसांना शिकण्याची हाक देते.

निबंधात राग कुठेही निवलेला दिसत नाही. तो शब्दांत आला आहे, त्याला क्रम मिळाला आहे, आरोप कोणावर आणि पुरावा काय हे स्पष्ट झाले आहे. एका मुलीच्या छातीतली आग अशी झाली की ती वाचून छापणाऱ्याने छापली आणि आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला उत्तर द्यावे लागते. या मुलीला परिपाठात डोळे मिटून बसवले असते तर काय झाले असते, याचा विचार मी करतो तेव्हा ‘शांत वर्ग’ या आदर्शाबद्दलचा माझा आदर फार उरत नाही.

प्रत्येक वर्गात मुक्ता साळवे असते असा माझा दावा नाही. धावचीत झाला म्हणून बॅट फेकणाऱ्या मुलाच्या रागात इतिहास नसतो. पण तो राग खोटा आहे हेसुद्धा ऐकल्यावर कळते, आधी नाही. शिक्षकाने निवाडा करायचा तो या अर्थाने: ‘तुझे म्हणणे ऐकले. तू बाद होतास. राग आला ते समजते, पण पंचाने चूक केली नाही.’ खोट्या दाव्याला खोटे म्हणणे हाही मुलाचा सन्मान आहे, कारण त्याचे म्हणणे तपासण्याच्या योग्यतेचे मानले गेले. ‘बरं बरं, जाऊ दे, पाणी पी’ यात तो सन्मान नसतो.

यातून एक अगदी साधा, उद्याच करता येईल असा बदल सुचतो. आपले निबंधाचे विषय पाहा: माझा आवडता प्राणी, पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर. ‘मला न पटलेली एक गोष्ट’ हा विषय वर्षातून दोनदा द्यावा. गुण शुद्धलेखनाला आणि मांडणीला द्यावेत, मताला नाही. हे निबंध वर्गात वाचून दाखवू नयेत. मराठीच्या शिक्षकाला त्यातून जे कळेल ते चाचणीच्या पेपरांतून कधीच कळणार नाही.

3. कोणाचा राग ‘उद्धटपणा’ ठरतो

शिस्तीचा प्रश्न वाटतो तितका तटस्थ नसतो. अमेरिकेतील रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी 2002 साली एका शहरातल्या शाळांच्या शिस्तभंगाच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना शिक्षेसाठी पाठवले जाई ते धूम्रपान, मोडतोड, परवानगीशिवाय शाळेतून जाणे अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींसाठी. काळ्या मुलांना पाठवले जाई ते अनादर, गोंगाट, धमकावणे अशा गोष्टींसाठी, ज्या पाहणाऱ्याच्या मतावर ठरतात. तिथला वंशभेद आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही, पण तपासण्याची दिशा आपल्यालाही लागू आहे. ‘सर, हे चूक आहे’ हे वाक्य वकिलाच्या मुलाने म्हटले तर तो चौकस, वस्तीतल्या मुलाने म्हटले तर तो माजलेला. शब्द तेच, आवाजही तोच. शाळेच्या नोंदवहीत ‘उद्धट वर्तन’ अशा नोंदी कोणत्या मुलांच्या नावापुढे आहेत, हे मुख्याध्यापकाने वर्षातून एकदा शांतपणे बसून पाहावे. तिथे जात, वस्ती आणि आईबापांची कमाई यांची एक ओळ दिसू लागली तर प्रश्न मुलांच्या रागाचा राहत नाही.

ऊसतोड कामगारांची मुले हे मराठवाड्यातल्या शिक्षकांना रोजचे उदाहरण. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. आल्यावर वर्ग कितीतरी धडे पुढे गेलेला असतो आणि पहिल्याच दिवशी एखाद्या मुलाला फळ्यासमोर उभे केले जाते. तो मुलगा खडू फेकून जागेवर जाऊन बसला, तर त्याला काय येत नाही हे सगळ्यांना दाखवण्याची घाई कोणी केली होती?

मुलींचा राग हा आणखी वेगळा भाग आहे आणि त्यावर थांबायला हवे, कारण वर लिहिलेले जवळजवळ सगळे वर्णन मुलग्यांचे आहे. मुलगा रागावला की बाक हलतो, आवाज होतो, शिक्षकाचे लक्ष जाते. मुलीने आवाज केला तर तिला लगेच ‘आगाऊ’ म्हणतात आणि घरी निरोप जातो. घरी निरोप गेला तर शाळाच बंद होईल ही भीती आठवी-नववीच्या मुलीला असते. म्हणून ती गप्प होते. हात वर करणे थांबवते. डबा न खाता परत नेते. वहीचे पान पेनाच्या टोकाने फाटेपर्यंत गिरवते. ज्या बाईंवर राग आहे त्यांच्या विषयात मुद्दाम मागे पडते. शिक्षकखोलीत या मुलीचे वर्णन ‘किती शांत झाली आहे’ असे होते. रागाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तिथे काही नाही, असे धरून चालणारी शाळा अर्ध्या वर्गाला सोडून देते. अशा मुलीकडे बाईंनी स्वतःहून जावे, इतरांच्या कानांपासून दूर, आणि सरळ म्हणावे: ‘तू माझ्यावर रागावली असशील असे मला वाटते. सांगशील का?’ हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. पण मुलीला जेवढे लागेल त्याहून ते कमीच असते.

4. त्या पाच मिनिटांत

दावा ऐकायचा, पण राग शिगेला असताना नाही. इथे जुन्या-नव्या दोन्ही गटांकडून एकच चूक होते: दोघेही त्याच क्षणी सगळे संपवू पाहतात. एक म्हणतो, ‘आत्ताच्या आत्ता माफी माग’. दुसरा म्हणतो, ‘मला सांग, तुला नेमके काय वाटते आहे?’ श्वास फुललेल्या, कान लाल झालेल्या मुलाला यातले काहीच जमत नाही. त्याची समजूत बदलू शकते, पण या घटकेला नाही. सेनेकाने रागावरच्या ग्रंथात विलंब हा त्यावरचा सर्वात मोठा उपाय सांगितला तो याच कारणाने.

म्हणून आधी प्रेक्षक कमी करायचे. मुलगा शिक्षकाशी भांडताना खरे तर पन्नास जोड्या डोळ्यांसमोर आपली पत सांभाळत असतो. वर्गाला काम द्यावे, ‘पान एकेचाळीसवरचा उतारा उतरवून घ्या’, आणि मुलाजवळ जाऊन हळू, मोजके बोलावे: ‘व्हरांड्यात थांब. मी येतो. शिक्षा म्हणून नाही.’ त्याच्या खांद्याला हात लावू नये, त्याची वाट अडवू नये, नाव घेऊन ओरडू नये. ‘बघतोच तुला’ हे वाक्य तर कधीच नको, कारण ते आव्हान आहे आणि या वयात आव्हान स्वीकारावेच लागते. दोन मुले भिडली असतील तर आधी दोघांना एकमेकांच्या नजरेआड करावे. कोणी सुरुवात केली हा प्रश्न नंतरचा. माफी त्या क्षणी मागायला लावू नये. दाबून वदवून घेतलेली माफी म्हणजे दुसरा पाणउतारा, आणि तो नव्या रागाचे बी असतो.

एक गैरसमज मात्र आग्रहाने दूर करायला हवा. ‘राग बाहेर काढू द्यावा, उशीला गुद्दे मारू द्यावेत, मोकळे होतील’ असे पुष्कळ कार्यशाळांत सांगितले जाते. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने अपमान केला त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारणारे लोक शेवटी अधिक रागावलेले आणि अधिक आक्रमक दिसले. काहीच न करता बसलेले तुलनेने कमी. दुसऱ्या बाजूने, चेहऱ्यावर काही दिसू न देता राग नुसता गिळला तर शरीरातला ताण कमी होत नाही, उलट वाढतो, हे जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे भडका उडवून देणे आणि झाकण दाबून धरणे, दोन्ही निकामी. उरते ती वाट म्हणजे थोडा वेळ जाऊ देणे आणि मग समजुतीला हात घालणे.

वारकरी परंपरेत मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांची कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी केलेल्या अपमानाने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण बाहेरून त्यांची विनवणी करू लागली. त्या कथेत शिक्षकाने लक्षात घ्यावे असे एक आहे: तिने दार ढकलले नाही. ती बाहेर थांबली, बोलत राहिली आणि भावाला त्याच्याच मोठेपणाची आठवण देत राहिली. वर्गातल्या मुलाला ‘तू नेहमीचाच असा’ म्हणणे आणि ‘तू असा नाहीस हे मला माहीत आहे’ म्हणणे यांत फरक पडतो तो इथे.

5. दोन खाती वेगळी

मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, दोघांनाही बसायला जागा असेल अशा ठिकाणी, खरे काम सुरू होते. मुलगा उभा आणि शिक्षक खुर्चीत, अशी रचना असेल तर ती चौकशी होते. प्रश्न थोडे आणि क्रमाने असावेत. काय झाले? तेव्हा तुला काय वाटले की समोरच्याने असे का केले? दुसऱ्या कोणत्या कारणाने त्याने तसे केले असेल का? यातला तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण राग ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत इथे तपासली जाते. बोलायला न जमणाऱ्या मुलाला कागद द्यावा. लिहिताना हात मनापेक्षा हळू चालतो, त्याचा फायदा होतो.

त्यानंतर दोन खाती वेगळी करायची. एक खाते कृतीचे: खिडकीची काच फुटली, मित्राला शिवी दिली. त्याची भरपाई मुलाने करायचीच. काचेचे तुकडे गोळा करायला शिपाईमामांना मदत करायची, ज्याला शिवी दिली त्याच्यासमोर बसून बोलायचे. दुसरे खाते दाव्याचे: गुण चुकीचे मोजले गेले होते का? शिक्षा चुकीच्या मुलाला झाली का? तिथे चूक शाळेची असेल तर शाळेने ती दुरुस्त करायची, आणि मूळ अपमान वर्गासमोर झाला असेल तर दुरुस्तीही वर्गासमोर व्हायची. आपल्याकडे पहिल्या खात्याची वसुली कडक होते आणि दुसरे खाते उघडलेच जात नाही. ‘काच फोडलीस, आता कसली तक्रार करतोस?’ या एका वाक्याने मूल काय शिकते? रागाच्या भरात एक चूक झाली की आपला खरा दावाही बुडाला. पुढच्या वेळी ते दावा करणारच नाही, फक्त काच फोडील.

6. तक्रारीला रस्ता हवा

एकट्या शिक्षकाच्या समंजसपणावर हे सगळे सोपवता येत नाही. व्यवस्था लागते. वॉर्सातल्या ज्यू अनाथ मुलांच्या घरी यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने ती उभी केली होती. तिथे मुलांचे न्यायालय होते. ज्याला राग आला त्याने तक्रार लिहून टाकायची. सुनावणी नंतर व्हायची, न्यायाधीश मुलेच. या न्यायालयाच्या संहितेतली पहिली अनेक कलमे क्षमेचीच होती आणि हजारावे कलम संस्थेतून काढून टाकण्याचे. मोठ्यांवरही खटला भरता येई. स्वतः कोर्चाकने सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःला त्या न्यायालयासमोर उभे केले. एकदा मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. याच कोर्चाकने 1942 च्या जुलैमध्ये, वॉर्साच्या घेट्टोत, मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ करवून घेतले. पुढच्याच महिन्यात त्याला आणि मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले. मुलांचा सन्मान हा सुखाच्या दिवसांतला छंद आहे असे मानणाऱ्यांनी हे आठवावे.

तक्रार लिहायची आणि सुनावणी नंतर, या दोन गोष्टींत रागाविषयीचे सगळे शहाणपण आहे. लिहिल्याने दावा तयार होतो, थांबल्याने ज्वर उतरतो, आणि सुनावणी नक्की होणार या खात्रीमुळे थांबणे शक्य होते. ही खात्री नसेल तर मुलाला ‘शांत हो’ सांगणे म्हणजे ‘सोडून दे’ सांगणेच. आपल्या शाळांत तक्रारपेट्या शासनाच्या आदेशाने लागल्या आहेत. कितीतरी ठिकाणी त्या मुख्याध्यापकांच्या दारासमोर, सगळ्यांच्या नजरेत टांगलेल्या असतात, आणि त्यात टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे मुलांना कधी सांगितले जात नाही. पेटी स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावावी. आठवड्याच्या ठरल्या दिवशी दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधींसमोर ती उघडावी. ज्या चिठ्ठीत लैंगिक छळाचा संशय असेल ती मात्र लगेच वेगळी काढावी, विद्यार्थ्यांसमोर वाचू नये. नाव न घेता परिपाठात सांगावे: अमुक तक्रार आली, असे केले. एवढ्याने पेटीला अर्थ येतो.

7. आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. प्रत्यक्षात अनेक वर्गांत साठ-सत्तर मुले कोंबलेली असतात. त्यात निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती. एकेका मुलाशी बसून बोलायचे कधी? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याचे पूर्ण उत्तर शिक्षकाकडे नाही, ते शासनाकडे आहे. पण वेळेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. एकाच मुलाच्या भडक्याने वर्षभर बुडणारे तास, पालकांना बोलावणे, मुख्याध्यापकांसमोर उभे करणे, पुन्हा तेच. वीस मिनिटांचे एक प्रामाणिक बोलणे यापेक्षा स्वस्त पडते. आणि सत्तर मुलांच्या वर्गात एकाच वेळी सत्तर मुले रागावलेली नसतात.

दुसरा आक्षेप असा की ऐकून घेतले तर मुले डोक्यावर बसतील. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. एप्रिल 2010 पासून ती लागू आहे आणि ‘आमचे हात बांधले’ अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. कठोरपणाने शाळा सुरक्षित होतात हे गृहीतक अमेरिकेत ‘शून्य सहनशीलता’ धोरणाने मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या कृतिगटाने 2008 साली आढावा घेतला तेव्हा त्या धोरणाने शाळांचे वातावरण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय मी वर सांगितलेल्या पद्धतीत भरपाई टळत नाही. उलट छडी खाल्लेला मुलगा हिशेब मिटला असे समजतो. ज्याला मित्रासमोर बसून ‘मी तुझ्या आईवरून बोललो’ असे म्हणावे लागते त्याला जास्त जड जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो: काही रागांत कोणताही दावा सापडत नाही. हे खरे आहे. लहान आणि किशोरवयीन मुलांत नैराश्य उदासीपेक्षा चिडखोरपणाच्या रूपात दिसू शकते. गेल्या महिन्यापर्यंत हसतखेळत असलेली मुलगी अचानक स्पर्शाने दचकू लागली, कोणावरही तुटून पडू लागली, तर तिच्यावर काही अत्याचार होत असण्याची शक्यता शिक्षकाने मनात आणलीच पाहिजे. तिथे निवाडा करत बसू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. हातात चाकू घेतलेल्या मुलासमोर दाव्याचे तत्त्वज्ञानही चालत नाही. आधी इतर मुलांना बाहेर काढायचे. समुपदेशक आणि डॉक्टर यांची जागा इथे आहे, आणि ती मोठी आहे. माझा विरोध प्रत्येक रागाला आजार समजून तिकडे ढकलण्याला आहे. तरीही ज्या मुलाचा राग आजारातून येतो त्याचाही अपमान होऊ शकतो, आणि त्याच्याही तक्रारीत तथ्य असू शकते.

शेवटचा आक्षेप शिक्षक उघडपणे घेत नाहीत, पण तो मनात असतो: आमच्या रागाचे काय? तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची, बदलीच्या यादीची वाट पाहायची, शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केलेली असताना तीच कामे करायची, वरून अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर झापलेले ऐकायचे, आणि मग वर्गात येऊन कोर्चाक व्हायचे? ज्या शिक्षकाचा दावा कोणी ऐकत नाही त्याने मुलाचा ऐकावा, ही अपेक्षा मोठी आहे. पण केंद्रप्रमुखांच्या बैठकीत गिळलेला अपमान दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलावर निघतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत असते, त्या मुलालाही. शिक्षक संघटना वेतनासाठी आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठी रस्त्यावर येतात, ते योग्यच आहे. वर्गात पस्तीस मुले असावीत, आठवड्यातला एक तास वर्गशिक्षकाला मुलांशी बोलण्यासाठी मोकळा असावा, आणि बैठकीत शिक्षकाचा पाणउतारा झाला तर त्याची लेखी तक्रार घेणारी जागा असावी, या मागण्या त्याच निवेदनात, पहिल्या पानावर, आल्या पाहिजेत.